झोपेची राखण

सकाळची धांदल सरली, उशीर झालेला शेवटचा माणूस शर्ट खोचत लिफ्टमध्ये शिरला आणि दार मिटलं, की परळमधल्या त्या टॉवरचा चौदावा मजला सुंदराबाईच्या ताब्यात येई. कागदोपत्री त्या मजल्यावर तिच्या मुलाचं, हर्षवर्धनचं, एकच घर होतं. जुनी चाळ पाडली तिच्या बदल्यात मिळालेलं. पण दिवसभर मजल्यावर असायचं कोण? ती आणि समोरच्या दारातली कमलाबाई. बाकीचे कुणी अंधेरीला, कुणी ऐरोलीला, कुणी ठाण्याच्याही पलीकडे. अशी ही वस्ती. माणसं राहायला इथं आणि जगायला भलतीकडे. रात्री येऊन चपला काढायच्या, सकाळी त्याच चपला घालून निघायचं. मधल्या वेळात आपली घरं काय करतात हे त्यांच्या मालकांना ठाऊक नसतं. सुंदराबाईला ठाऊक होतं. घरं झोपतात.

आधी स्वयंपाकघरं गप्प होतात. मग नळ्यांतलं पाणी घळघळत खाली उतरून जातं. कुणाच्या तरी बंद घरात विसरलेला गजर वाजून वाजून दमतो. आणि मग त्या लांबलचक पॅसेजमध्ये खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन फरशीवरून इतका सावकाश सरकू लागतो, की बघणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. खिडकीतून माझगावच्या गोदीतल्या क्रेन दिसत, उन्हात धूसर झालेल्या, पाण्याखाली असल्यासारख्या. सुंदराबाई प्लास्टिकची खुर्ची दाराबाहेर मांडून त्या चौकोनाच्या काठाशी बसे. पाय अनवाणी, हात मांडीवर. बसे म्हणजे पहारा देई. आत तिची सून झोपायला गेलेली असे.

सून म्हणजे किर्ती, माहीमच्या कोळीवाड्यातली. परळमधल्याच एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत ती टेक्निशियन होती आणि तिची ड्युटी कायमची रात्रीची. सगळी बिल्डिंग कामाला निघे तेव्हा ती कामावरून येई. खाली लिफ्टच्या दाराशी नवराबायकोची गाठ पडे. तो बाहेर येणार, ती आत जाणार.

"डबा घेतलास?"

"घेतला. झोप नीट."

तेवढ्यात दार मिटे. नव्या लग्नाचा संसार असा लिफ्टच्या दारात चालला होता आणि त्याबद्दल दोघांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती झोपेची. लग्न होऊन या घरात आल्यापासून किर्तीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आता रातपाळीवाल्याची झोप हा सुंदराबाईचा हातखंडा विषय. तिचा नवरा बुधाजी गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होता, आणि त्याच्या नशिबी कायम तिसरी पाळी. सकाळी भुवयांवर कापसाची पूड घेऊन घरी यायचा, आंघोळ करून भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच मोरी, त्यातच पोरं. त्या खोलीत दिवसाढवळ्या माणूस झोपवणं म्हणजे बाजारात दिवा लावून तो विझू न देण्यासारखं. पण त्या काळी गिरणगावातल्या बायकांना ते यायचं. कुणाचा नवरा कुठल्या पाळीला हे अख्ख्या माळ्याला पाठ असे. दारावर ओला टॉवेल टाकला की समजायचं, आत रातपाळीवाला झोपलाय. मग नळावरची भांडणं खुणांनी व्हायची. हो, खुणांनी! दोन बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार नुसत्या हातवाऱ्यांनी करताना सुंदराबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरांना मैदानावर हाकलायचं, भांडी ठेवताना खाली फडकं घालायचं, भाकरीसुद्धा थापायची नाही, हातावर फिरवायची.

या विद्येत सुंदराबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या खोलीत टाचणी पडली तर ती पायावर पडून आवाज वाचवते, असं कमलाबाई, चाळीतलीही तिची शेजारीण, तेव्हा म्हणायची. सुंदराबाईला त्याचा अभिमान होता. लिहिता वाचता येत नव्हतं, माहेरचं काही आणलं नव्हतं, रूपही बेताचंच. पण नवऱ्याची झोप तिनं जन्मभर अशी राखली की कुणी नाव ठेवू नये. पुढं संप झाला, गिरणी बसली, बुधाजी माझगावला एका गोदामावर वॉचमन झाला. तेही रात्रीचंच. टॉवेल दारावरून काही हलला नाही.

तेव्हा सून रातपाळीची म्हटल्यावर सुंदराबाईला मनातून बरंच वाटलं होतं. गुडघे गेले, नजर अधू झाली, टॉवरमधल्या गॅसची शेगडीसुद्धा धड पेटवता येईना. पण ही एक गोष्ट अजून येत होती.

तिनं सगळी अस्त्रं बाहेर काढली. दाराच्या बेलमध्ये कापसाचा बोळा कोंबला. कुकर किर्ती यायच्या आत लावून मोकळी व्हायची. टीव्ही बंद, मिक्सर बंद. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्यासमोरची सकाळची वंदना ओठातल्या ओठात. पार्सल घेऊन येणारी पोरं लिफ्टमधून बाहेर पडली की खुर्चीतूनच बोट ओठावर ठेवायची. पोरं बिचारी पार्सल टाकून चोरासारखी परत जायची. पंधराव्या मजल्यावर कुणीतरी फर्निचरचं काम काढलं होतं. सुंदराबाई गुडघे धरत जिना चढून गेली.

"मशीन बंद कर रे बाबा. खाली पोरगी झोपलीय."

"मौसी, काम तो करना पडेगा ना," सुतार म्हणाला.

"तेरी आई रात को काम करके आयी होती तो करता क्या?"

सुतारानं मशीन ठेवलं आणि दुपारचा वेळ पॉलिश पेपर घासण्यात घालवला. त्याचाही आवाज सुंदराबाईला खाली ऐकू येत होता, पण तेवढं तिनं सोडून दिलं.

मग ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसे. उन्हाचा चौकोन पायाशी आलेला असे. सगळं इतकं निवांत, की तिचाच डोळा लागायचा. आणि त्या पेंगेत काय काय मिसळून जायचं. लिफ्टची घंटा लांब कुठेतरी वाजायची आणि तिला वाटायचं, गिरणीचा भोंगा झाला. पॅसेजची बंद दारं चाळीची उघडी दारं व्हायची, कठड्यावर पातळं वाळत असायची, आणि त्या पातळांमधून वाट काढत बुधाजी यायचा, भुवया पांढऱ्या, हातात रिकामा डबा. तो काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडायचा. सुंदराबाई पेंगेतच बोट ओठावर ठेवायची. तो तसाच उभा राहायचा, आणि तिला जाग यायची.

एवढं करून निष्पन्न काय? दुपार कलली की किर्ती बाहेर यायची ती डोळ्यांखाली काळं घेऊन.

"लागली झोप?"

"लागली की, आई," ती म्हणायची. पण झोपलेल्या माणसाच्या गालावर उशीची घडी उमटते, आणि किर्तीच्या गालावर तीन महिन्यांत एकदाही उमटली नव्हती. सुंदराबाई काही दूधखुळी नव्हती. तिनं आणखी गप्प व्हायचं ठरवलं. भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. पंखा करकरतो म्हणून हर्षवर्धनकडून बदलून घेतला. स्वतःला खोकला आला तर तोंडात पदर धरून जिन्यात जाऊ लागली. घर असं झालं, की आत बसलं तर स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं.

एका सकाळी किर्ती आली ती खाली मान घालून. चहा घेतला नाही. सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आई, मी थोडे दिवस माहीमला जाऊ का? तिकडून ड्युटी करीन."

"का गं? काय झालं?"

"काल माझ्या हातून लेबल चुकलं असतं. दुसऱ्याच पेशंटचं लावत होते. बाजूच्या मुलीनं हात धरला." तिनं डोळे चोळले. "मला झोप पाहिजे, आई. नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल माझ्या हातनं."

सुंदराबाई काय बोलणार? जा म्हणाली. पण किर्तीची बॅग लिफ्टमधून खाली गेली आणि तिला धास्ती बसली. कारण हे लग्न काही वाजतगाजत झालं नव्हतं. ते कोळी, हे बौद्ध. माहीमला किर्तीच्या काकांनी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि खरं सांगायचं तर इकडेही सुंदराबाईनं पहिले काही दिवस तोंड फिरवलंच होतं. मग पोरगी घरात आली, पहिल्याच दिवशी सुंदराबाईचे पाय मांडीवर घेऊन गुडघ्यांना तेल चोळत बसली, आणि म्हातारी विरघळली. आता ती पोरगी झोपायला म्हणून माहेरी गेली होती. झोपायला गेलेली सून महिन्याभरानं काय म्हणते, हे चाळीत आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिकडेच बरं वाटतं म्हणते.

"आई, झोपू दे ना तिला," हर्षवर्धन म्हणाला. "चार दिवस झोपेल, येईल."

चार दिवस झाले, आठवडा झाला. हर्षवर्धन ऑफिसातून परस्पर माहीमला जाऊ लागला. सुंदराबाई सवयीनं खुर्ची बाहेर मांडायची. आत कुणी नव्हतं, तरी पार्सलवाल्या पोरांना बोट दाखवायची. कमलाबाई एकदा दारात आली.

"सुंदरे, कोणाला राखतेस गं? फरशीला?"

सुंदराबाईनं खुर्ची उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या वाटाण्याची उसळ केली, किर्तीला आवडायची म्हणून. दोन भाकऱ्या बांधल्या, आणि गुडघ्यांना शिव्या घालत टॅक्सीत बसली.

कोळीवाड्यात शिरलं की माहीमचा रस्ता एकदम मागे राहतो. गल्ली निमुळती, वर निळ्या ताडपत्र्या, वाऱ्याला खारा वास, आणि गल्लीच्या टोकाला खाडीचं पाणी इतकं चकचकीत, की सुंदराबाईनं डोळ्यांवर हात धरला. काठ्यांवर बोंबील उलटे टांगलेले, वाऱ्यावर हलत होते. तिला क्षणभर वाटलं, आपण खुर्चीतच आहोत आणि हे सगळं पेंगेत चाललंय. पण पेंगेत एवढा आवाज कुठला?

आवाज म्हणजे केवढा! किर्तीच्या घरासमोर तिचा भाऊ प्रितेश होडीचं इंजिन दुरुस्त करत होता. ते फटफटत होतं, बंद पडत होतं, पुन्हा फटफटत होतं. पायरीवर दोन बायका जवळा निवडत बर्फवाल्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होत्या. आत टीव्हीवर मालिकेतली सासू किंचाळत होती. तिच्या वरताण मिक्सर. आणि मिक्सरच्याही वर किर्तीची आई रखमा, दादरच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई, शेजारणीशी बोलत होती. भांडत नव्हती, बोलत होती. त्या सगळ्याच्या मधोमध, उंबऱ्याजवळ, चटईवर किर्ती पडली होती.

पोरगी रात्रभर जागून आलेली, आणि हिची ही अवस्था? यासाठी हिला इथं पाठवली? रातपाळीवाल्याच्या बायकोचा सगळा संताप तिच्या उजव्या हातात गोळा झाला. तिनं दारात उभं राहून हात वर केला आणि जन्मभर कमावलेला तो एक आवाज काढला.

"श्श्श!"

गल्ली थांबली. प्रितेशनं दचकून इंजिन बंद केलं. मिक्सर थांबला, कुणीतरी टीव्हीचा गळा दाबला. जवळावाल्या बायका तोंड उघडं ठेवून गप्प झाल्या. ते बघून पलीकडच्या घरातले गप्प झाले, त्यांच्या पलीकडचेही. बघता बघता गल्लीच्या टोकापर्यंत शांतता पसरली, आणि खाडीच्या पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येऊ लागली. सुंदराबाईला वाटलं, आता झोपेल पोर.

किर्ती ताडकन उठून बसली. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसलेले.

"कोण नाय आलं?" ती म्हणाली. "आये, कोण नाय आलं गो?"

रखमा धावली. गुडघ्यावर बसून तिनं लेकीचं डोकं पोटाशी धरलं. "सगले आले गो. सगले आले. प्रितेश हाय, काका हाय. झोप तू." आणि मान वळवून गल्लीवर ओरडली, "अरे चालू करा रे! काय मेल्यावानी उभे राहिले?"

इंजिन फटफटलं. मिक्सर घरघरला. मालिकेतली सासू जिथं थांबली होती तिथून पुढं किंचाळू लागली. किर्तीची मान हळूहळू कलली आणि ती चटईवर आडवी झाली. थोड्या वेळानं तिनं कूस बदलली तेव्हा सुंदराबाईला दिसलं, तिच्या गालावर चटईच्या काड्या उमटल्या होत्या.

मग रखमाला पाहुणीची आठवण झाली. "अगो बाय, विहीणबाई! जयभीम, जयभीम! अशा दारात का उभ्या?" म्हणत तिनं सुंदराबाईला ओट्यावर बसवलं, हातात पाणी दिलं.

"माझं काय चुकलं?" तिनं विचारलं.

"तुमचं काय नाय, ताई. तुम्हाला कसं कळणार?" रखमा तिच्याजवळ सरकली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "हिचे बाबा, तुळशीदास, दर्यावर गेले ते आले नायत, हे तर तुम्हाला ठाऊक हाय. आमच्यात होडी नाय आली का कोण बोलत नाय. भांडं वाजवत नाय. सगल्यांचे कान दर्याकडं. ही तेव्हा शाळेत. दुपारची शाळेतून आली ती उड्या मारत, आणि गल्ली गप. घर गप. आम्ही बाया बसलेल्या. हिला कोणी काय सांगितलं नाय. ही त्या गप घरातच बसली, दुसऱ्या दिवसापर्यंत." रखमानं पदरानं नाक पुसलं. "आवाज असला का हिला वाटतं, सगले घरी आले. मग झोपते."

सुंदराबाई पाणी प्यायची विसरली. तिच्या डोळ्यांसमोर तो पॅसेज आला, बेलमधला कापूस आला, कपाटात ठेवलेलं घड्याळ आलं.

"अगं बाई गं," ती म्हणाली. "म्हणजे मी पोरीला रोज मयताच्या घरात निजवत होते."

संध्याकाळी किर्ती जागी झाली, ताजी, केस विस्कटलेले. सासूला बघून आधी आनंदली, मग ओशाळली. उसळ-भाकरी खाता खाता म्हणाली, "मला पण कळत नव्हतं, आई. वाटायचं, नवी जागा म्हणून असेल. आणि तुम्ही एवढं करत होता, तुम्हाला काय सांगायचं?"

"सांगायचं होतं गं. शिव्या घालायच्या होत्या." सुंदराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चल घरी. आता मी आवाज करीन."

"तुम्ही?" किर्ती हसली. "तुम्हाला येतो?"

हा प्रश्न थट्टेचा होता, पण दुसऱ्या दिवशी तो खरा ठरला. किर्ती ड्युटीवरून थेट परळला आली, आंघोळ करून आतल्या खोलीत पडली, दार उघडं ठेवलं. सुंदराबाई हॉलमध्ये उभी राहिली. आता आवाज करायचा. पण कसा? तिनं एक ताट ओट्यावर आपटायला घेतलं आणि तिचा हात वाटेतच मंदावला. ताट पिसासारखं टेकलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. चाळीस वर्षांची सवय, हाताला कोण समजावणार? शेवटी डोळे मिटून सोडलं. खणकन आवाज झाला आणि ती स्वतःच दचकली.

मग ती मजल्यावर मदत मागायला निघाली. दार वाजव, दार वाजव. कोण असणार? सगळे आपापल्या ऑफिसात. सापडली ती कमलाबाई.

"ये गं. जोरात बोलायचंय."

"कशावर?"

"कशावरही. जिभेला हाड नाही तुझ्या, तुला विषय लागतो होय?"

कमलाबाईनं मग जे तोंड सोडलं! स्वतःच्या सुनेपासून सुरुवात करून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत एकालाही शिल्लक ठेवलं नाही. सुंदराबाई मध्येच टीव्हीचा आवाज वाढवे, मध्येच मिक्सर फिरवे, आत काही घातलेलं नसताना. मध्येच पाऊल न वाजवता जाऊन बघून येई, आणि आठवण झाली की परत येताना पाय आपटत येई. किर्ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत. सुंदराबाईला त्या दारातच रडू आलं. आनंदानं आलं, हे तिला नंतर कळलं.

दुपार उतरली. कमलाबाईची गोळी घ्यायची वेळ झाली, ती उठून गेली. तेवढ्यात वीज गेली. टीव्ही बंद पडला, पंखे थांबले. नेमकी सगळीकडून एकदम शांतता आली. आत पलंग करकरला. किर्ती कूस बदलत होती, कण्हल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती.

आता बोलायलाच हवं होतं. सुंदराबाई सोफ्यावर बसली, समोरची खुर्ची रिकामी. तिनं तोंड उघडलं, पण रिकाम्या खुर्चीशी काय बोलायचं? कुणाशी म्हणून बोलायचं?

आणि तेव्हा तिला ते आठवलं, ज्याच्याकडे तिनं इतकी वर्षं पाठ फिरवली होती. बुधाजी थकून कायमचा घरी बसला, तेव्हाची गोष्ट. पाळी संपली, गोदामही संपलं, रात्री तो झोपू लागला होता. पण दुपारी सवयीनं आडवा व्हायचा आणि सुंदराबाई सवयीनं टॉवेल टाकायची, माळ्यावरच्या पोरांना खाली पिटाळायची, घर गप्प करायची. तो झोपायचा नाही. छताकडे बघत पडून राहायचा. एका दुपारी तो कुशीवर वळून म्हणाला होता, "सुंदरा, काहीतरी बोल ना गं."

तिनं ओठावर बोट ठेवलं होतं. "झोपा," म्हणाली होती, आणि पडदा ओढून घेतला होता. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो गेला. एकाच खोलीत दोघांनी जन्म काढला, आणि नवऱ्याला आपला आवाज कितीसा ऐकायला मिळाला, हे तिनं कधी मनाशी धरलंच नव्हतं. तिला वाटत होतं, आपण त्याची झोप राखली.

आत किर्ती पुन्हा कण्हली.

सुंदराबाईनं डोळे पुसले, घसा खाकरला. आणि समोरच्या खुर्चीकडे बघून, चांगल्या खणखणीत आवाजात, बोलायला लागली.

"अहो, ऐकताय ना? तुम्ही झोपला होता तेव्हाची गोष्ट. नळाला पाणी आलं नव्हतं, आणि कमळीनं माझी कळशी उचलून आपली पुढं लावली..."